सातपुड्यातली पहिली मधपेटी : मधुसंचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, मधुसंचालनालय,
महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ, महाबळेश्वर

विषय : नंदुरबार जिल्ह्यात नवशिक्या मधपाळाची पहिली पेटी कधी, कुठे आणि कशी बसवावी

महोदय,

नंदुरबार जिल्ह्यात मधमाशीचे वर्ष पाऊस ओसरल्यावर सुरू होते. सप्टेंबरअखेर बांधावरचे तण फुलते, बोरी फुलतात, डोंगरउतारावर जिथे खुरासणी अजून पेरली जाते तिथे ती पिवळी होते. मक्या-ज्वारीचा पराग मिळतो, पाठोपाठ तूर येते. या चाऱ्यावर राणी जोमाने अंडी घालू लागते आणि वसाहत भरत जाते. जानेवारीत आंबा मोहरतो. धडगावचा आमचूर ज्या झाडांवर चालतो त्या झाडांवर मधमाशीपेक्षा इतर माश्यांचीच गर्दी जास्त, तरी थोडे हाती लागतेच. खरा हंगाम त्यानंतरचा : काटेसावर, करंज, जांभूळ, कडुनिंब, मोह. फेब्रुवारी ते एप्रिल हे मधाचे महिने. मे महिन्यात सपाटीवर पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि चारा आटतो. जून ते सप्टेंबर पावसामुळे माशीला बाहेर पडणेच अवघड.

हे वेळापत्रक महाबळेश्वरचे नाही. महाबळेश्वरला 1946 पासून मधमाशीपालनाची परंपरा आहे, शेजारच्या मांघरला 2022 साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ हा मान मिळाला, आणि राज्यातली मराठी मधपाळाची परिभाषा बहुतांशी त्याच डोंगरात घडली. पण तिथले जंगल सदाहरित आहे, जांभूळ, हिरडा, गेळा आणि काही वर्षांच्या अंतराने फुलणारी कारवी यांच्यावर तिथला मध ठरतो. सातपुड्याचे जंगल पानगळीचे आहे. ते उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदम फुलते आणि एकदम थांबते. इथला हंगाम छोटा आणि दाट. त्यात चूक सुधारायला वेळ उरत नाही.

म्हणून पेटी देण्याची तारीख ही इथे किरकोळ बाब नव्हे. कामकरी माशी अंड्यातून पूर्ण माशी व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे ती पोळ्यातलीच कामे करते : कोठड्या झाडणे, पिल्लांना भरवणे, मेण काढणे, दारावर पहारा. त्यानंतर ती फुलांवर जाते. म्हणजे आज घातलेले अंडे पाच-सहा आठवड्यांनी मकरंद आणते. फेब्रुवारीच्या फुलोऱ्यावर जाणाऱ्या माश्यांची अंडी डिसेंबरात पडलेली असावी लागतात आणि त्यासाठी वसाहत ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटीत स्थिरावलेली असावी लागते. सरकारी वर्ष मार्चला संपते, त्यामुळे कोणत्याही योजनेत वाटपाचा जोर शेवटच्या तिमाहीत येण्याचा धोका असतो. मार्चच्या मध्याला बसवलेल्या पेटीची नवी पिढी फुलांवर जाण्याजोगी होते तेव्हा एप्रिल संपत आलेला असतो. नवशिक्याच्या वाट्याला मग मध नव्हे, सरळ मे महिना येतो. जूनमध्ये पेटी रिकामी सापडली की दोष माणसाच्या आळसाला दिला जातो. हिशेब आधीच चुकलेला असतो.

दुसरी अडचण माशीची नाही, माणसांची आहे. धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा या भागांतली असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत शेतमजुरीला जातात आणि होळीला परततात. काठीच्या राजवाडी होळीला जी गर्दी लोटते तिच्यातले कितीतरी लोक त्याच आठवड्यात घरी आलेले असतात. पेटी बसवण्याचा आणि वाढवण्याचा काळ नेमका घर बंद असण्याचा काळ आहे. पेटीला रोज माणूस लागत नाही. पण आठ-दहा दिवसांनी एकदा झाकण उघडून पाहणारे कोणीतरी हवेच. यावर दोन तोडगे व्यवहारात शक्य आहेत. एक, ज्या घरातली म्हातारी माणसे किंवा स्त्रिया पाड्यावर राहतात त्यांनाच प्रशिक्षण देणे. कुटुंबप्रमुख म्हणून ज्याचे नाव कागदावर आहे त्याला नव्हे. दोन, पाड्यावरच्या चार-पाच घरांच्या पेट्या एका राहणाऱ्या माणसाकडे सोपवणे आणि मधातला वाटा आधीच ठरवणे. दुसरा तोडगा दिसतो तितका सोपा नाही, कारण वाटा ठरवायला मध निघालेला असावा लागतो आणि पहिल्या वर्षी तो निघेलच असे नाही.

आता माशीची निवड. जिल्ह्यात आग्या, फुलोरी आणि सातेरी या माश्या निसर्गतः आढळतात. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत नांदत नाहीत, आणि तसा प्रयत्न करणाऱ्याला आग्या फार महागात पडते. सातेरी झाडाच्या ढोलीत, कपारीत, कधी जुन्या भिंतीच्या पोकळीत शेजारी शेजारी समांतर पोळी बांधते. अंधाऱ्या पोकळीत राहण्याची ही सवय असल्यामुळेच ती पेटी स्वीकारते. चौथा पर्याय मेलिफेरा, म्हणजे युरोपीय माशी. ती भारतात प्रथम यशस्वीपणे रुजली 1962 साली, आज हिमाचल प्रदेशात असलेल्या नगरोटा बगवाँ येथे. मेलिफेराची वसाहत मोठी असते आणि वर्षाला पंचवीस ते चाळीस किलोपर्यंत मध देते. सातेरी पाच-दहा किलोंवर थांबते. आकडे पाहिले की मेलिफेराच घ्यावी असे वाटते. पण ते पंचवीस-चाळीस किलो पेट्या ट्रकमध्ये घालून फुलोऱ्यामागे राज्याराज्यांतून हिंडणाऱ्या मधपाळाचे आहेत. एका जागी बसलेल्या पेटीला सातपुड्यातला पाच महिन्यांचा दुष्काळ साखरेवर काढावा लागतो, शिवाय वरोआ या परजीवी गोचिडीसाठी नियमित उपचार करावे लागतात. सातेरीला वरोआ फारशी छळत नाही. हा परजीवी मूळचा तिचाच, आणि ती त्याला अंगावरून काढून टाकायला शिकलेली आहे.

तेव्हा अक्राणी, अक्कलकुवा आणि नवापूरच्या डोंगराळ भागात नवशिक्याने सातेरीपासून सुरुवात करावी. शहादा-तळोद्याच्या बागायती सपाटीवर ज्याच्याकडे पाणी, वाहन आणि भांडवल आहे, त्याने एक-दोन वर्षे सातेरी सांभाळल्यावर मेलिफेराचा विचार करायला हरकत नाही. दोन्ही जाती एकाच आवारात मात्र ठेवू नयेत. चारा आटला की मोठी वसाहत लहानीला लुटते आणि एका दुपारीत सातेरीची पेटी साफ होते.

पेट्या किती? खादी आयोगाने 2017 साली सुरू केलेल्या हनी मिशनमध्ये लाभार्थ्याला साधारण दहा पेट्यांचा संच मिळतो. उत्पन्नाच्या दृष्टीने दहा ठीक आहेत. शिकण्याच्या दृष्टीने त्या आठ जास्त आहेत. एकच पेटीही चालत नाही. एक पेटी असली की तिच्यातले काय नेहमीचे आणि काय बिघडलेले हे समजायला दुसरे काही समोर नसते. शिवाय एका पेटीतली राणी मेली तर शेजारच्या पेटीतून ताज्या अंड्यांची चौकट काढून देता येते आणि त्या अंड्यांतून माश्या नवी राणी घडवतात. दोन पेट्यांत हा इलाज घरातच असतो. मधकेंद्र योजनेत साहित्यावर 50 टक्के अनुदान आणि 50 टक्के स्वतःची गुंतवणूक अशी रचना आहे. दोन पेट्यांचा अर्धा खर्च पाड्यावरच्या कुटुंबाला झेपू शकतो. दहांचा झेपत नाही आणि मग उधारी होते.

जागा निवडताना सावली, पाणी आणि रहदारी या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्यांतही इथे सावली पहिली. नोव्हेंबरात सुखद वाटणारी उघडी जागा एप्रिलच्या दुपारी भट्टी होते. मेण 60 अंशांच्या पुढे वितळते हे खरे, पण चाळिशीपलीकडे ते इतके मऊ होते की मधाने जड झालेले पोळे चौकटीतून खाली लोंबते. पानगळीचे झाडही फसवते. नोव्हेंबरात सागाखाली दाट सावली असते, मार्चमध्ये तिथे नुसते खराटे उभे असतात. आंबा, जांभूळ किंवा करंजाखालची जागा खात्रीची. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला असावे, म्हणजे सकाळचे ऊन दारावर पडते आणि माश्या लवकर कामाला लागतात. पेटी जमिनीपासून हात-दीड हात उंच घोडीवर ठेवावी आणि घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करावेत, नाहीतर मुंग्या पहिल्याच आठवड्यात वर चढतात. वाट्यांतले पाणी आटले का ते पाहणे हे पोराबाळांना देण्याजोगे काम आहे. पाणी शंभर पावलांत असावे; नाला आटत असेल तर पसरट भांड्यात दगड टाकून पाणी ठेवावे, म्हणजे माशी बुडत नाही. गोठा, पायवाट आणि शाळेची वाट यांच्यापासून पेटी दूर हवी. बांधलेला बैल पळू शकत नाही, आणि त्याच्या घामाचा वास माशीला चिडवतो.

पेटीचे भाग थोडेच : तळपाट, पिल्लांचा कोठा, मधकोठा, आतले झाकण आणि पावसाचे वरचे झाकण. कोठ्यात चौकटी लोंबतात. या साऱ्या रचनेचा पाया म्हणजे एक छोटे अंतर. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी 1851 साली ओळखले की माशी ठरावीक रुंदीची फट मोकळी सोडते. फट त्याहून अरुंद असेल तर ती चिकटद्रव्याने किंवा मेणाने बुजवते आणि रुंद असेल तर तिथे जादा पोळे बांधते. मेलिफेरासाठी हे अंतर नऊ मिलिमीटरच्या आसपास आहे, सातेरीसाठी त्याहून किंचित कमी. म्हणून सातेरीची पेटी म्हणजे मेलिफेराच्या पेटीची लहान प्रत नव्हे. स्थानिक सुताराकडून पेटी करून घेणे स्वस्त पडते आणि दुरुस्तीलाही तोच उपयोगी पडतो. पण त्याच्या हाती नमुना पेटी द्यावी, तोंडी माप देऊ नये. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की चौकटी एकमेकींना मेणाने जोडल्या जातात, आणि नवशिक्या ओढून काढायला जातो तेव्हा पोळी फाटतात आणि राणी चिरडते. लाकूड वाळलेले आणि हलके असावे, उग्र वासाचे नसावे. रंग फक्त बाहेरून, पांढरा. बाकीचे साहित्य म्हणजे जाळीचा बुरखा, धुराडे, पटाशी, एक मऊ ब्रश आणि राणीजाळी. धुराड्यात वाळलेले शेण किंवा गोणपाटाचा तुकडा चालतो. पहिल्या वर्षी मधयंत्र विकत घेण्याची गरज नाही. पाड्यांच्या समूहाला एक पुरते.

वसाहत मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. जवळ मधपाळ असेल तर त्याच्याकडून चार-पाच चौकटी भरून माश्या असलेली, अंडी, अळ्या आणि बंद पिल्ले अशा तिन्ही अवस्था दिसणारी, तरुण राणीची वसाहत घ्यावी. दुसरा मार्ग सापळा पेटीचा : रिकाम्या पेटीला आतून मेण चोळून ती हंगामात झाडावर बांधून ठेवायची आणि फुटून निघालेला थवा आपणहून येण्याची वाट पाहायची. याला खर्च नाही, पण थवे फुटतात ते वसाहती भरल्यावर, वसंताच्या आसपास. अशा पेटीला पहिला उन्हाळा पाकावर काढावा लागतो आणि त्या वर्षी मधाची आशा धरू नये. तिसरा मार्ग ढोलीतली सातेरी पेटीत उतरवण्याचा. डोंगरात तोच सर्वांत शक्य आहे, कारण सातेरी कुठल्या ढोलीत आहे हे पाड्यावरच्या मध काढणाऱ्याला आधीच ठाऊक असते. राखीव जंगलात वनविभागाशी आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेशी आधी बोलावे लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात मध आणि मेण या दोहोंचा नावाने समावेश केलेला आहे.

उतरवण्याचे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दुपार कलल्यावर सुरू करतात, म्हणजे अंधार पडेपर्यंत सगळे स्थिरावते. ढोलीच्या तोंडाशी थोडा धूर दिला की माश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि मवाळ होतात. धूर जास्त झाला तर उलटे होते : वसाहत घाबरून पोळी सोडते आणि राणी ढोलीच्या खोल कोपऱ्यात जाते. तोंड हात जाईल इतके मोठे करून बाहेरचे पोळे प्रथम मुळाशी सुरीने कापतात. वरचा मधाचा पट्टा कापून झाकणाच्या भांड्यात टाकायचा. तो उघडा राहिला तर मुंग्या आणि परक्या माश्या लगेच जमतात. खालचा पिल्लांचा भाग चौकटीत बसवताना वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण कोठड्यांचा कल किंचित वर असतो आणि उलटे पोळे पिल्लांच्या कामाचे राहत नाही. पोळ्याची वरची कड चौकटीच्या वरच्या पट्टीला घट्ट टेकवायची आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यांनी बांधायचे. शहादा-तळोद्याच्या केळीबागांत सोपटाला तोटा नाही, आणि सुतळी किंवा नायलॉनपेक्षा ते बरे, कारण चार-पाच दिवसांत माश्या पोळे मेणाने पट्टीला जोडून घेतात आणि सोपट कुरतडून दाराबाहेर टाकतात. पिल्लांची पोळी मध्ये, ज्या क्रमाने ढोलीत होती त्याच क्रमाने.

मग माश्या. ओंजळीने किंवा पळीने त्या हळूहळू पेटीत सोडायच्या आणि नजर राणीवर ठेवायची. ती कामकरी माशीपेक्षा लांब, पोट निमुळते, पंख पोटाच्या अर्ध्यापर्यंतच पोहोचणारे. राणी पेटीत गेली की काम फत्ते झाल्याची खूण पुढच्या काही मिनिटांत दिसते : दारावरच्या माश्या डोके खाली, शेपटी वर करून पंख फडफडवू लागतात आणि त्या वासावर उरलेल्या माश्या रांगेने आत शिरतात. राणी ढोलीत राहिली असेल तर रांग उलटी, ढोलीकडे लागते. दाराला राणीजाळी बसवून पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच ठेवतात. नवी जागा दोन किलोमीटरच्या आत असेल तर फुलांवर जाणाऱ्या माश्या जुन्या जागी परततात. तेव्हा पेटी काही दिवस त्याच झाडाखाली ठेवणे किंवा थेट दूर नेणे, एवढेच पर्याय उरतात. रोज चार पावले सरकवण्याचा उपाय पुस्तकात बरा वाटतो, डोंगरात कोणी करत नाही.

पहिला आठवडा पळून जाण्याचा. सातेरी नाराज झाली की पेटी सोडते, हा तिचा मोठा दोष, आणि नवशिक्याच्या निम्म्या तक्रारी याच्याच. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक रोज संध्याकाळी पेटीच्या आत, वाटीत काड्या टाकून ठेवावा. दिवसा आणि उघड्यावर पाक ठेवला, सांडला, की लूट सुरू होते. राणीजाळी चार-पाच दिवसांनी काढायची. ती महिनाभर ठेवली तर नर बाहेर पडू शकत नाहीत आणि दाराशी मरून पडतात. या आठवड्यात झाकण उघडण्याचा मोह आवरणे हीच खरी देखभाल.

नंतरची तपासणी आठ-दहा दिवसांनी, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, वारा नसताना. पेटीच्या मागे किंवा बाजूला उभे राहायचे, दारासमोर नाही. कडेची चौकट आधी काढून बाजूला ठेवली की आत हात फिरायला जागा होते. मधली चौकट उचलून सूर्य पाठीमागे घेतला आणि ऊन खांद्यावरून कोठड्यांच्या तळाशी पाडले तर अंडी दिसतात. पहिल्या दिवसाचे अंडे तळाशी ताठ उभे असते, तिसऱ्या दिवसापर्यंत ते आडवे होते. म्हणजे उभे अंडे दिसले की राणी आदल्या दिवसापर्यंत होती हे कळते. राणी प्रत्यक्ष शोधत बसण्याची गरज नसते आणि पेटी दोन मिनिटांत मिटता येते. एका कोठडीत एकच अंडे असावे. दोन-तीन अंडी वेडीवाकडी, भिंतीला चिकटलेली दिसली तर राणी गेली आहे आणि कामकरी माश्या अंडी घालत आहेत, ज्यांतून फक्त नर निघणार. बंद पिल्लांचा पट्टा सलग आणि तपकिरी असेल तर वसाहत सुदृढ. मधे मधे भोके, कोठडीत डोके वर उचलून पिशवीसारखी फुगलेली अळी दिसली तर तो थैली रोग. दक्षिण भारतात 1991 नंतर या विषाणूने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या होत्या. यावर औषध नाही आणि प्रतिजैविके तर मुळीच देऊ नयेत. विषाणूला ती लागू पडत नाहीत, मधात मात्र उतरतात. रोगट पेटीच्या चौकटी दुसरीत घालणे थांबवावे आणि राणी बदलावी.

शत्रूंमध्ये मेणपतंग पहिला. त्याच्या अळ्या पोळ्यात बोगदे करून जाळ्या विणतात. तो दुबळ्या वसाहतीतच घुसतो. म्हणून माश्यांनी न झाकलेली जुनी काळी पोळी पेटीत ठेवू नयेत आणि तळपाट दर तपासणीला झाडावा. वेडा राघू आणि गांधीलमाशी दारावर टपून असतात. राघूमागे गोफण घेऊन धावण्यात अर्थ नाही, तो थोड्याच दिवसांत पुढे सरकतो. गांधीलमाशीचे घर शोधून काढणे मात्र फायद्याचे.

डंख हा विषय प्रशिक्षणात हसण्यावारी जाऊ नये. काटा नखाने खरवडून ताबडतोब काढला तर विष कमी जाते. बहुतेकांना दोन दिवस सूज येते आणि ओसरते. पण ज्याला पूर्वी डंखाने अंगभर गांधी उठल्या किंवा दम लागला होता त्याने हा उद्योग करूच नये. तोंड-घसा सुजणे, श्वास लागणे, भोवळ ही लक्षणे दिसली तर ग्रामीण रुग्णालय गाठण्यास मिनिटेच हाती असतात, आणि अक्राणीच्या घाटात ती मिनिटे पुरत नाहीत.

सपाटीवर मोठा धोका फवारणीचा. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे आणि तिच्यावरच्या फुलकिड्यांसाठी फवारणीही सतत चालते, कापसाचे तेच. पेटी कापूस-मिरचीच्या मधोमध ठेवणे म्हणजे शेजाऱ्याच्या पंपावर भरवसा टाकणे. फवारणी सूर्य मावळताना करायला शेजारी तयार असेल तर माश्या वाचतात. आदल्या रात्री दार जाळीने बंद करून पेटीवर ओले गोणपाट टाकता येते, पण उन्हाळ्यात दिवसभर बंद पेटी गुदमरते. बागायतीचे क्षेत्र पाहून चाऱ्याचा अंदाज करू नये. पपईला आणि उसाला मधमाशीचा फारसा उपयोग नाही, तिला त्यांचा नाही. केळीला फळासाठी परागण लागत नाही, पण केळफुलातला मकरंद माश्या आवडीने घेतात. टरबूज-खरबूज, भोपळावर्गीय वेल, सूर्यफूल, कांद्याचे बियाणे यांना मात्र माशी हवीच. अशा शेतकऱ्याशी पेटी ठेवण्याचे ठरले तर फवारणीचाही करार होऊन जातो.

मध मधकोठ्यातूनच काढायचा, पिल्लांच्या कोठ्यातला नाही. तो माश्यांच्या मे महिन्याचा शिधा आहे. चौकटीतल्या तीन चतुर्थांश कोठड्या मेणाने बंद झाल्यावरच ती काढावी. न मिटलेल्या कोठड्यांतला मध पातळ असतो. अन्नसुरक्षा मानकांनुसार मधातली आर्द्रता 20 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि सातेरीचा मध घाई केल्यास सहज त्यापुढे जाऊन आंबतो. पोळे पिळून काढलेल्या मधात पराग, मेण आणि अळ्यांचा रस मिसळतो. मधयंत्रात फिरवले तर पोळे शाबूत राहते आणि माश्या तेच पुन्हा भरतात.

याच दिवसांत डोंगरात वणवे लागतात. मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत आहे, आणि मोह फुलतो तेव्हाच पेट्या मधाने भरलेल्या असतात. पेटीभोवती दहा-पंधरा पावलांचा पट्टा फेब्रुवारीतच झाडून साफ ठेवावा आणि कोणत्या मोहाखाली कोण वेचतो त्याच्याशी बोलून ठेवावे. पाचोळा झाडून गोळा केला तरी फुले तितकीच वेचता येतात.

एप्रिलच्या अखेरीस मधकोठा काढून घ्यावा, दार अर्धे करावे, पेटीवर गवताचे छप्पर टाकून दुपारी गोणपाट ओले करावे. शक्य असेल तर पेट्या तोरणमाळच्या अंगाला, सुमारे हजार मीटरच्या वरच्या गार पट्ट्यात न्याव्यात. रात्री न्यायच्या, दारे जाळीने बंद करून. पावसाळ्यात पेटी किंचित पुढे झुकती ठेवावी म्हणजे पाणी आत थांबत नाही, आणि सलग पाऊस लागला की आठवड्यातून एक-दोनदा पाक द्यावा. या पाकावर साचलेले मध म्हणून काढून विकणे ही फसवणूक आहे, मग ती अजाणता का होईना.

राहिला प्रशिक्षणाचा प्रश्न. वैयक्तिक मधपाळासाठी दहा दिवसांचे प्रशिक्षण ठरलेले आहे. महाबळेश्वर नंदुरबारपासून पाचशे किलोमीटरहून दूर. पाड्यावरची बाई दहा दिवस तिथे जाणार नाही, आणि गेली तरी तिला तिथले जंगल दिसेल, तिचे नाही. हेच दहा दिवस तीन तुकड्यांत, धडगाव-अक्कलकुव्यात, ऑक्टोबरला वसाहत उतरवताना, जानेवारीला कोठा वाढवताना आणि एप्रिलला मध काढताना दिले, तर प्रत्येक वेळी पेटीत जे घडत आहे तेच शिकवले जाईल. कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्राची जोड घेता येईल. शिकवणारा भिली किंवा पावरी बोलणारा हवा. आग्या मोहोळ काढणारे अनुभवी हात पाड्यापाड्यावर आहेत, आणि पहिल्या तुकडीत त्यांनाच घेणे शहाणपणाचे. माशीची भीती त्यांची आधीच गेलेली असते, शिकवायचे उरते ते पोळे न तोडता मध काढणे.

त्याआधी अर्जाच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत : नोव्हेंबर ते मार्च घरी कोण राहणार, आणि मे महिन्यात पेटीजवळ पाणी कुठे असेल. दोन्ही रिकामे असतील तर त्या घरी पेटी त्या वर्षी पाठवू नये.

कळावे,
अक्राणी भागातील मधमाशीपालन शिकणाऱ्यांच्या वतीने